तीन झाली, पाच राहिली

८ जानेवारी

चुळबुळ्या,

चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला या नावाने हाक मारू नये, हे मला कळतं. पण पाकिटावर तुझं नाव, हुद्दा, हॉस्पिटल, एक्स-रे विभाग, तळमजला, सगळं कसं शहाण्या मुलीसारखं लिहिलंय. तेव्हा आत तरी मला माझ्या मनासारखं वागू दे. फोन तीनदा करून पाहिला. तू "हं" म्हणतोस, मग "बरं" म्हणतोस, मग पेशंट येतो. तुझा पेशंट नेमका माझ्याच फोनच्या वेळी कसा येतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पत्रात निदान मध्ये कोणी कडमडत नाही.

मुद्द्याचं सांगते. समोरची लाँड्री पाडली. तिच्या जागी सात मजले उठताहेत, दोन झालेसुद्धा. आपल्या आतल्या खोलीच्या मोठ्या खिडकीतला उजेड त्यांनी खायला घेतलाय. बाबा रोज सकाळी दहाला उजेड मोजायचा मीटर घेऊन खिडकीशी बसतात आणि चौकटीच्या लाकडावर पेन्सिलने आकडा लिहितात. ज्या फोटोला आठ मिनिटं लागायची त्याला आज अकरा लागतील, म्हणाले. "सातवा मजला झाला की ही खिडकी नुसती हवा खायला," असं म्हणून त्यांनी मीटर खिशात टाकला.

आणि मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुळबुळ्याला विचार. एकवीस मार्चला फोटोला बसतो का."

मी हातातला कप खालीच ठेवला. एकवीस वर्षांत तुझं नाव या घरात फक्त माझ्याच तोंडून निघालंय. त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा, तेही आपल्या त्या लाकडी खोक्याच्या कॅमेऱ्यातल्या फोटोसाठी! वर मलाच म्हणतात कसे, "आग्रह करू नकोस. नुसतं विचार."

म्हणून नुसतं विचारतेय. खोकं आहे, तीन स्टुलं आहेत, खिडकी अजून थोडीफार आहे. बाबा एकोणऐंशीचे झालेत. बसतोस का?

बाकी ठीक. पुढच्या बाजूला मी पासपोर्ट फोटो काढते. 'पाच मिनिटांत' अशी पाटी लावलीय आणि गिऱ्हाईक त्यातली साडेचार मिनिटं केस विंचरण्यात घालवतं.

ताई

---

२४ जानेवारी

चुळबुळ्या,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ! "मी उठून गेलो तेव्हा बाबांनी मानसुद्धा वळवली नाही, आता मी बसलो काय आणि न बसलो काय." कार्ड बाबांना दाखवलं नाही. त्यांनी विचारलं, काय म्हणतोय. मी म्हटलं, रजेचं बघतोय. म्हणजे खोटं बोलले. या घरात खोटं बोलायची मला जुनी सवय आहे, त्याबद्दल कधीतरी लिहीन. आज नाही.

आज मला भांडायचंही नाही. दुपारी दुकानात कोणी नव्हतं म्हणून मी खोकं खाली काढलं आणि पुसत बसले. तुला आठवतं का रे, ते आपण बनवलं तेव्हा तू सात वर्षांचा होतास? तू बाबांना विचारलं होतंस, कॅमेऱ्याच्या आत कोण चित्र काढतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, भिंग काढतं. आपले बाबा म्हणाले, "भिंग नसलं तरी चालतं. भोक पुरतं." आणि तुला खरं वाटेना म्हणून त्यांनी रविवारभर या खोलीची खिडकी काळ्या कागदाने बंद केली आणि कागदाला मध्ये एक भोक पाडलं.

बाई गं, काय दिसलं होतं ते! समोरच्या भिंतीवर अख्खी लाँड्री, उलटी. दोरीवरचे शर्ट वर हात करून लटकलेले, आणि लाँड्रीवाले काका छतावरून चालत गिऱ्हाइकाला कपडे देताहेत. तू आधी घाबरलास, मग पोट धरून हसलास, आणि मग भिंतीशी जाऊन सरळ डोक्यावर उभा राहिलास. "आता सुलटं दिसतंय!" म्हणून ओरडलास. बाबांनी तुझे पाय धरून ठेवले होते आणि तू तसाच उलटा असताना तुला समजावून सांगत होते, की उजेड वळत नाही. सरळच जातो. वरच्या कॉलरवरून निघालेला उजेड भोकातून शिरला की खाली पोचतो आणि खालच्या बटणावरून निघालेला वर. म्हणून उलटं. भोक मोठं केलं तर सगळ्यांचा उजेड एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ, आणि बारीक ठेवलं तर चित्र रेखीव पण अंधुक. अंधुक म्हटल्यावर कागदाला ते टिपायला वेळ लागतो. "मग काय करायचं?" तू विचारलंस. "बसायचं," बाबा म्हणाले. "न हलता."

हे ऐकून आई स्वयंपाकघरातून हसली होती. तुला न हलता बसवणार म्हणे!

मग खोकं. लाकूड बाबांचं, आतून काळा रंग मी दिला, पितळी पत्र्याला भोक पाडलं ते आईच्या शिवणाच्या डब्यातल्या सगळ्यात बारीक सुईने. भोकावर झडप लावली कातड्याची, आपल्या फाटक्या चपलेची. ती झडप अजून तीच आहे. मी आज वर करून पाहिली. एवढंसं भोक, त्यातून आपण दर एकवीस मार्चला एकदा, असे सोळा वेळा आत गेलो.

सोळाही फोटो भिंतीवर आहेत. चौथा आठवतो? आई बसल्यावर मधेच तिच्या लक्षात आलं, दूध गॅसवर आहे. बाबा ओठ न हलवता म्हणाले, "हलू नकोस." आई म्हणाली, "तुमचा फोटो राहू दे, दूध उतू जातंय," आणि पदर खोचत गेली. फोटोत ती अर्धीमुर्धी आलीय. तिच्यातून मागच्या कपाटाची मूठ दिसते. बाबा किती चिडले होते! आणि पुढे आई वारली तेव्हा तूच म्हणाला होतास की सगळ्या फोटोंत हाच सगळ्यात तिच्यासारखा आहे. चौदा वर्षांचा होतास. नाक पुसत होतास आणि सर्दी झालीय असं सांगत होतास.

बघ, भांडायचं नाही म्हटलं आणि रडायला बसले. पत्र इथेच थांबवते, कुणीतरी केस विंचरून आलंय.

ताई

---

९ फेब्रुवारी

चुळबुळ्या,

परवा तुझा फोन आला! आपणहून! मला वाटलं, चुकून लागला. आणि विचारलंस काय, तर "तो सतरावा फोटो बाबांनी धुतला होता का?" आणि नसेल तर धुवून बघ. एवढंच, आणि मग पेशंट.

तुझा प्रश्न रास्त आहे, म्हणून मी शोधलं. सतराव्या जागी भिंतीवर खिळा आहे, मोकळा. बाबांनी तो खिळा त्या सकाळीच ठोकून ठेवला होता, तू उठून गेलास त्या सकाळी. एकवीस वर्षं मी त्याच्यावरची धूळ पुसतेय, पण कागदाचं काय झालं ते कधी विचारलं नाही. का विचारलं नाही तेही लिहीन. दम धर.

कागद कपाटाच्या वरच्या खणात होता. पत्र्याच्या डब्यात, डब्यात काळं फडकं, फडक्यात काळं पाकीट, पाकिटाला काळी चिकटपट्टी. उजेडाचा कण शिरू नये असा बंदोबस्त. पाकिटावर बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: तीन झाली, पाच राहिली.

मी पाकीट घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, हे काय? ते वैतागले. "ठेव ते. उघडू नकोस." मी म्हटलं, धुतला का नाही? तर म्हणाले, "पूर्ण कुठे झालाय?"

तू एक्स-रेवाला, तुला हे माझ्यापेक्षा नीट कळेल. उजेड कागदावर पडून गेलेला आहे. चित्र आत आहे, फक्त दिसत नाही. औषधात घातलं की वर येईल. पण एकदा धुतलं की कागदाचं काम संपलं, मग त्याच्यावर आणखी उजेड चढत नाही. न धुता अंधारात ठेवला तर तो तसाच थांबून राहतो. जुना होईल, करडा पडेल, पण थांबेल. बाबा म्हणाले, "तीन मिनिटं तो बसला होता. तेवढा तो आहे त्यात. पातळ असेल, तुझ्या आईसारखा. उरलेली पाच दिली की झाला."

"एकवीस वर्षांनी?" मी म्हटलं.

"कागदाला काय माहीत किती वर्षं झाली?" असं म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. उलटा धरला होता.

म्हणजे त्यांना नवा फोटो काढायचा नाहीये, चुळबुळ्या. त्यांना तोच पूर्ण करायचाय. खिडकीतला उजेड कमी झाल्यामुळे पाचाचे आता आठ लागतील, असा हिशोबही त्यांनी मांडून ठेवलाय.

तू फोनवर म्हणालास, धुवून बघ, त्यात ते दगडासारखे बसलेले दिसतील. मला दोन दिवस तोच मोह होतोय. ट्रे आहेत, औषधं जुन्या ओळखीने मिळतील. पण एकदा धुतलं की धुतलं. शिवाय ते पाकीट मी नीट वाचलं, पुन्हा पुन्हा वाचलं, आणि मला रात्रभर झोप नाही. तूही वाच. तीन झाली. आठ नव्हे, तीन. बाबा दगडासारखे बसून राहिले असते तर आठही झाली असती की नाही? झडप कुणी पाडली?

ताई

---

२० फेब्रुवारी

चुळबुळ्या,

तू उत्तर दिलं नाहीस. बरंच झालं. तू काही विचारण्याआधी मला सगळं सांगता येईल.

झडप बाबांनी पाडली. तू दारामागची बॅग उचलून मागच्या दाराने गेलास आणि बाबा स्टुलावरून उठले, खोक्याशी गेले, झडप खाली केली. जन्मात कधी चालू फोटो मधे न थांबवणारा माणूस. दूध उतू गेलं तेव्हाही नाही थांबला. मी बघितलं. मी तिथेच होते, हनुवटी खाली, डोळे समोर, तशीच बसून, आणि माझ्यासमोर ते उठून गेले.

मग वळून मला म्हणाले, "पोट बिघडलंय का गं त्याचं?"

वाच पुन्हा. पोट बिघडलंय का. त्यांना वाटलं, तू संडासला गेलास. म्हणाले, "येऊ दे, मग उरलेली पाच देऊ." आणि परत येऊन स्टुलावर बसले. मी त्यांच्या शेजारी. मधे ते मागच्या अंगणात जाऊन हाका मारून आले. परत बसले. बाराला पाच मिनिटं कमी होती तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं. तुझी गाडी बाराची होती. मला माहीत होतं, आणि मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. उजेड जाईपर्यंत आम्ही दोघं तशीच बसलो होतो.

कारण मी त्यांना सांगितलंच नव्हतं. काहीच नाही. तुला एक्स-रेच्या शिक्षणाला प्रवेश मिळालाय, तू जाणार आहेस, एकवीस मार्चला फोटो झाला की निघणार आहेस, यातलं काहीही. तू जानेवारीत माझे हात धरून म्हणाला होतास, "ताई, तू सांग, तुझं ते ऐकतात." मी हो म्हटलं. आज सांगते, उद्या सांगते. तू दर आठवड्याला विचारायचास आणि मी म्हणायचे, "सांगितलंय. विचार करताहेत." धडधडीत खोटं! तू गेलास की या दुकानात, या घरात मी एकटी उरणार, हे मला दिसत होतं. सत्तावीस वर्षांची होते. मलाही कुठेतरी जायचं होतं रे. कुठे ते ठरलं नव्हतं, पण जायचं होतं. वाटलं, नाहीच सांगितलं तर कदाचित तुझी तारीख निघून जाईल.

म्हणून त्या सकाळी बसताना तू जेव्हा विचारलंस, "मग बाबा, काय म्हणणं आहे तुमचं?" तेव्हा तुला वाटलं, तू तुझ्या जाण्याबद्दल विचारतोयस. आणि त्यांना वाटलं, तू फोटोबद्दल विचारतोयस. ते म्हणाले, "माझं काय म्हणणं असणार? हनुवटी खाली घे आणि हलू नकोस." आणि झडप उघडून येऊन बसले.

तीन मिनिटं तू ते गिळत बसलास. मग उठलास. तुझ्या जागी मी असते तर मीही उठले असते.

तुझं पहिलं पत्र आठवड्याने आलं. "मी गेल्यावर बाबा काय म्हणाले?" आता मी काय लिहिणार होते? 'पोट बिघडलंय का' म्हणाले, असं लिहिलं असतं तर तुला लगेच कळलं असतं की त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि मग माझं बिंग फुटलं असतं. म्हणून लिहिलं, "काही नाही. जागचे हललेसुद्धा नाहीत." दोन वाक्यं. तू ती एकवीस वर्षं उराशी धरून बसलायस. मान वळवली नाही म्हणतोस ना? ते तू पाहिलेलं नाहीस. ते माझ्या पत्रात वाचलंयस.

बाबांनाही मी तेव्हा सांगितलं, मलाही माहीत नव्हतं. म्हणून ते तुझ्यावर रुसले, की तोंडाने सांगून तरी गेला असता. दोघंही रुसून बसलात आणि मी मधे, दोघांना चहा-पत्र पुरवत.

काल मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ नखाने टेबलावरचा रंग खरवडत बसले. मग म्हणाले, "म्हणजे तो मला विचारत होता."

"हो."

"आणि मी त्याला म्हणालो, हनुवटी खाली घे."

त्यानंतर ते आत जाऊन झोपले. जेवले नाहीत. आज सकाळी दहाला मात्र खिडकीशी मीटर घेऊन बसले होते.

तू मला काय म्हणायचं ते म्हण. मी ऐकून घेईन. पण त्यांच्यावरचा राग आता माझ्या नावावर टाक आणि त्यांना मोकळं कर. खरंच सांगते, मला माफ केलं नाहीस तरी चालेल. एकवीस मार्चला ये.

ताई

---

९ मार्च

चुळबुळ्या,

तुझं काहीच आलं नाही. पत्र पोचलंय, तुमच्या तळमजल्यावरच्या बाईंनी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, साहेबांनी ते वाचलं आणि त्या दिवशी एकाच पेशंटचा एक्स-रे तीनदा काढला.

समोर चौथा स्लॅब परवा टाकला. उजेड निम्मा झालाय. बाबांनी चौकटीवर लिहिलंय: पाचाचे नऊ. आणि त्याच्या पुढे: एकवीसपर्यंत दहा.

मी त्यांना म्हटलं, तो आला नाही तर आपण दोघंच बसू. ते म्हणाले, "मग कशाला? स्टूल तर येईलच फोटोत, आधीच आलंय."

तिन्ही स्टुलं पुसून ठेवलीत. तुझ्या स्टुलाचा पाय डुगडुगत होता, त्याखाली पुठ्ठा सारला. तेवढंच कळवायचं होतं.

ताई

---

३० मार्च

चुळबुळ्या,

तुझा लाल दिवा पोचला. तुमच्या विभागातल्या अंधाऱ्या खोलीतला, भंगारात निघालेला, कापसात गुंडाळून पाठवलास! मी इथे गावभर लाल बल्ब शोधत हिंडले. दुकानदार माझ्याकडे बघून हसायचे. काल रात्री न्हाणीघराच्या दाराखाली गोधडी लावली, दिवा लावला आणि बाबांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "माझे हात थरथरतात. तू धू. मी बाहेर बसतो." दाराला टेकून बसले. दर मिनिटाला विचारत होते, "आला का?"

आधी हे सांगते, की तू आलास त्या संध्याकाळी मी तुझ्याशी धड बोलू शकले नाही. तू दारात उभा, केस नाहीत, पोट सुटलेलं, आणि मला म्हणालास, "ताई, काय गं हे." एवढंच म्हणालास. मग बराच वेळ माझा हात सोडला नाहीस. तेवढ्यात मला जे कळायचं ते कळलं. पुन्हा त्याबद्दल लिहू नकोस, मी पुन्हा रडेन.

आणि तुमचं दोघांचं बोलणं! एकवीस वर्षांनी बापलेक भेटले आणि पहिला प्रश्न काय, तर "पेशंटला काय सांगतोस?" तू म्हणालास, "हलू नका, श्वास धरा." बाबांनी विचारलं, किती वेळ. तू म्हणालास, सेकंदसुद्धा लागत नाही. "हात्तिच्या!" म्हणाले. पण नंतर मला स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगून गेले, "तेच म्हणतो गं तो. हलू नका म्हणतो."

दुसऱ्या दिवशी मी बसले ती डोळे समोर ठेवून, आणि तूही. आपल्याला सवयच तशी लावलेली. बाबा झडप उघडून आले आणि दोघांच्या मधल्या स्टुलावर बसले. लहानपणी तू विचारायचास, बाबा झडप उघडल्यानंतर चालत येतात तर फोटोत चालताना का दिसत नाहीत. आणि ते सांगायचे की एवढ्याशा वेळाची उजेड दखल घेत नाही, जो थांबतो तोच उमटतो. दहा मिनिटं. समोर कामावरच्या मजुरांचं ठोकणं चालू होतं. तुझ्या स्टुलाचा पाय पुठ्ठ्यावर दोनदा करकरला. म्हटलं, झालं, चुळबुळ सुरू. पण तू बसलास. पूर्ण बसलास. बाबा उठले, झडप पाडली आणि नुसतं म्हणाले, "झाला." तू संध्याकाळच्या गाडीने गेलास. या वेळी सांगून, पुढच्या दाराने, डबा घेऊन.

आता फोटोचं. कागद औषधात टाकला आणि बराच वेळ काहीच नाही. मला घाम फुटला. मग कडा काळ्या पडायला लागल्या, मग खिडकी आली, मग स्टुलांचे पाय. कागद करडा पडलाय, बाबा म्हणाले होते तसाच. त्यावर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं उमटतं, म्हणून सकाळी उन्हात दुसऱ्या कागदांवर ठेवून, काचेखाली दाबून त्याचे दोन सुलटे फोटो केले. त्यातलाच एक या पत्रासोबत आहे. वाकडा करू नकोस, पुठ्ठ्यासकट काढ.

उजवीकडे मी. सत्तावीस आणि अठ्ठेचाळीस एकावर एक, त्यामुळे जबडे दोन आणि नाक एकच. मला बघू नकोस.

डावीकडे तू. तीन मिनिटांचा तू पातळ आहेस, तुझ्यातून भिंत दिसते, आणि त्याच्यावर आताचा बसलाय, गडद. टकलावर केस उगवलेत, फोटोत तरी! तेवीस वर्षांच्या चेहऱ्यावर राग आहे, दात आवळलेत. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. चव्वेचाळीसचा मात्र अगदी शहाण्यासारखा बसलाय.

आणि मधे बाबा. तीन मिनिटांचे बाबा फिकट आहेत, समोर बघताहेत, ताठ. त्यांच्यावर दुसरे बाबा आहेत, स्पष्ट, नाकाची कड न् कड आलेली. हे दुसरे बाबा समोर बघत नाहीयेत. मला आधी वाटलं, मी फोटो करताना काहीतरी चूक केली. मग भिंगाखाली बघितलं. पुसट नाही, हललेले नाहीत. बसल्या क्षणापासून उठेपर्यंत तसेच बसलेत, दहा मिनिटं, तुझ्याकडे तोंड करून.

मी फोटो त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो खिडकीशी धरला, उरलेल्या उजेडात. म्हटलं, बाबा, आम्हाला समोर बघायला सांगून तुम्ही इकडे? त्यांनी फक्त विचारलं, "हललोय का मी?"

"नाही."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि हातोडी मागितली. खिळा ठोकलेलाच आहे हे विसरले होते.

सतरावा लागला भिंतीवर. तुझी प्रत ही घे. तू समोर बघत होतास, हनुवटी खाली घालून, म्हणून तुला त्या दिवशी दिसलं नाही. आता दिवा लाव, चष्मा लाव आणि बाबांची मान बघ.

ताई